तीच केंद्रके, तीच ऊर्जा, तरी कणसंख्या वेगळी : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मावरच्या (प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून बनणाऱ्या अतितप्त अवस्थेवरच्या) लेखात असे एक विधान होते, की जड अणुकेंद्रकांच्या टकरीतून निर्माण होणाऱ्या कणांच्या सरासरी संख्येपेक्षा त्या संख्येतले चढउतार काही वेळा अधिक सांगून जातात. या विधानावर अपेक्षेपेक्षा जास्त पत्रे आली आणि त्यांतली बरीचशी नेमका आक्षेप घेणारी होती. त्यांतील काही प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत. आवश्यक तेवढा संदर्भ प्रत्येक उत्तरात दिला आहे, त्यामुळे मूळ लेख वाचला नसला तरी अडू नये.

प्रश्न : सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये (एलएचसी) शिशाची दोन केंद्रके ठरावीक ऊर्जेने एकमेकांवर आदळतात. दोन्ही बाजूंची केंद्रके सारखी आणि ऊर्जाही तीच असताना एका टकरीतून हजारो कण, तर दुसरीतून जेमतेम मूठभर कण का निघावेत? (निवृत्त अभियंता)

उत्तर : सर्वांत मोठे कारण भूमितीचे आहे. केंद्रके झोतातून येतात तेव्हा ती नेमकी समोरासमोर आदळतील की एकमेकांना निसटती घासून जातील, हे कोणाच्याही हातात नसते. दोन केंद्रकांच्या मध्यांमधले आडवे अंतर किती असेल याची संभाव्यता त्या अंतराच्याच प्रमाणात वाढते. त्यामुळे खऱ्या अर्थाने समोरासमोरच्या टकरी विरळ असतात आणि कडेकडेच्या टकरी भरपूर असतात. शिशाच्या बाबतीत सर्वांत 'समोरासमोर' मानल्या जाणाऱ्या ५ टक्के टकरी म्हणजे हे अंतर सुमारे साडेतीन फेम्टोमीटरच्या (१ फेम्टोमीटर म्हणजे १०⁻¹⁵ मीटर) आत असलेल्या टकरी.

याचे गणित ज्या पद्धतीने करतात ती रॉय ग्लॉबर यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या कल्पनेवर उभी आहे. (ग्लॉबर यांना २००५ चे नोबेल मिळाले ते मात्र प्रकाशाच्या पुंज सिद्धांतासाठी, केंद्रकांच्या टकरींवर काम करणाऱ्यांना याची थोडी चुटपुट असते.) संगणकावर शिशाच्या एका केंद्रकातले २०८ न्यूक्लिऑन (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन) यादृच्छिक पद्धतीने मांडले जातात. सुमारे ६.६ फेम्टोमीटर त्रिज्येपर्यंत घनता जवळजवळ एकसारखी राहते आणि पृष्ठभागाशी ती अर्ध्या फेम्टोमीटरच्या मापाने विरत जाते, असे धरलेले असते. दुसरे केंद्रकही असेच मांडून दोन्हींमध्ये यादृच्छिक आडवे अंतर ठेवतात आणि प्रत्येक न्यूक्लिऑन सरळ रेषेत पुढे सोडतात. दोन न्यूक्लिऑनांमधले आडवे अंतर ठरावीक मर्यादेपेक्षा कमी झाले की त्यांची टक्कर झाली असे मानतात. २.७६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला या टकरीचा काटछेद, म्हणजे टक्कर होण्यासाठीचे परिणामी क्षेत्रफळ, सुमारे ६४ मिलिबार्न, म्हणजे ६.४ चौरस फेम्टोमीटर आहे. त्याला पाय या स्थिरांकाने भागून वर्गमूळ काढले की ती मर्यादा सुमारे १.४ फेम्टोमीटर येते. किमान एक टक्कर झालेले न्यूक्लिऑन हे 'सहभागी' होत. जास्तीत जास्त ४१६ सहभागी शक्य आहेत, आणि सर्वांत समोरासमोरच्या ५ टक्के टकरींत त्यांची सरासरी सुमारे ३८३ येते. न्यूक्लिऑन-न्यूक्लिऑन टकरींची संख्या मात्र दीड हजारावर जाते, कारण एकच न्यूक्लिऑन समोरच्या कित्येकांवर आदळत पुढे जातो.

२०१० मध्ये अ‍ॅलिस प्रयोगाने याच ऊर्जेला आणि याच ५ टक्के टकरींत, झोताला काटकोनातल्या मधल्या पट्ट्यात स्यूडोरॅपिडिटीच्या (कण झोताशी किती कोनात निघाला याच्या मापाच्या) एका एककामागे सरासरी सुमारे १,६०० विद्युतभारित कण मोजले. निसटत्या टकरींत हाच आकडा दहा-वीसच्या घरात येतो. तेव्हा आपण विचारलेला फरक मुळात सहभागी न्यूक्लिऑनांच्या संख्येतला फरक आहे. मात्र सहभागींची संख्या नेमकी सारखी असलेल्या टकरी निवडल्या, तरीही कणसंख्या बदलतच राहते. तो उरलेला बदल पुढच्या प्रश्नाचा विषय आहे.

प्रश्न : मी विमा क्षेत्रात जोखमीचे गणित करतो. एका वर्षात किती दावे येतील यासाठी आम्ही पॉयसन वितरणाऐवजी ऋण द्विपद वितरण वापरतो, कारण सगळ्या विमाधारकांची जोखीम सारखी नसते. कणांच्या संख्येसाठीही तेच वितरण वापरतात असे वाचले. हा योगायोग आहे का?

उत्तर : योगायोग नाही, आणि आपला अनुभव येथे थेट उपयोगी पडतो. एखादा स्रोत एकमेकांशी संबंध नसलेले कण सोडत असेल, तर कणसंख्या पॉयसन वितरण पाळते आणि तिचे प्रचरण, म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी, बरोबर मध्याइतके, म्हणजे सरासरी कणसंख्येइतके असते. आता त्या स्रोताची तीव्रताच प्रत्येक टकरीत बदलत असेल आणि ती गॅमा वितरणाने बदलत असेल, तर एकूण कणसंख्येला ऋण द्विपद वितरण मिळते. विमाधारकांच्या जोखमीतला फरक जे काम करतो, तेच येथे तीव्रतेतला फरक करतो. मध्य म्यू आणि दुसरा प्राचल के असल्यास प्रचरण म्यू अधिक म्यूचा वर्ग भागिले के इतके येते. म्यू २० आणि के ४ असल्यास प्रचरण २० न राहता १२० होते. के अनंताकडे गेला की पुन्हा पॉयसन मिळते, आणि के १ असेल तर बोस-आइनस्टाइन पद्धतीचे भूमितीय वितरण मिळते.

सर्नमधल्या यूए५ प्रयोगाने १९८५ मध्ये ५४० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉन-प्रतिप्रोटॉन टकरींतील विद्युतभारित कणसंख्येला हे वितरण चपखल बसते असे दाखवले. त्यानंतर ते जवळजवळ रूढच झाले. जड केंद्रकांच्या बाबतीत ग्लॉबर पद्धतीने मिळालेले सहभागी न्यूक्लिऑन आणि टकरी यांचे मिश्रण करून 'स्रोतांची' संख्या ठरवतात, प्रत्येक स्रोताला एक ऋण द्विपद वितरण देतात आणि आलेला आलेख मोजलेल्या आलेखावर बसवून म्यू व के ठरवतात. टकरींचे ०–५ टक्के, ५–१० टक्के असे वर्ग पाडण्याचे रोजचे काम यावरच चालते.

येथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. वितरण चपखल बसले म्हणजे त्यामागची यंत्रणा सिद्ध झाली, असे होत नाही. ऋण द्विपद वितरणापर्यंत पोहोचण्याचे मार्ग अनेक आहेत. तीव्रतेतला बदल हा एक मार्ग झाला. पॉयसन संख्येने 'कुळे' निर्माण होणे आणि प्रत्येक कुळात लघुगणकीय वितरणाने कण असणे हा दुसरा मार्ग. १९८६ मध्ये जोव्हानिनी आणि व्हान होव्ह यांनी तो मांडला. दोन्हींतून निघणारे सूत्र एकच आहे, त्यामुळे केवळ कणसंख्येच्या आलेखावरून त्यांच्यात निवड करता येत नाही. शिवाय ९०० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टला यूए५ नेच पाहिले, की आलेखावर एक खांदा दिसू लागतो आणि एक ऋण द्विपद वितरण पुरत नाही. दोन वितरणांचे मिश्रण घ्यावे लागते. प्राचल वाढवत नेले की काहीही बसवता येते, हे आपल्या क्षेत्रातही आपण पाहिले असेलच.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. प्रचरणाला मध्याने भागून जी राशी मिळते तिला प्रमाणित प्रचरण म्हणू. पॉयसन वितरणासाठी ती १ असते. एकसारख्या व स्वतंत्र स्रोतांच्या बाबतीत एकूण प्रमाणित प्रचरण म्हणजे एका स्रोताचे प्रमाणित प्रचरण, अधिक एका स्रोतामागची सरासरी कणसंख्या गुणिले स्रोतसंख्येचे प्रमाणित प्रचरण. समजा, एका स्रोताचे प्रमाणित प्रचरण १.५ आहे, तो सरासरी ४ कण देतो आणि निवडलेल्या टकरींत स्रोतसंख्येचे प्रमाणित प्रचरण २ आहे. मग एकूण उत्तर ९.५ येते आणि त्यातले ८ केवळ स्रोतांची संख्या बदलते म्हणून आलेले असतात. कणनिर्मितीचे भौतिकशास्त्र त्या १.५ मध्ये आहे, आणि प्रयोगात दिसतो तो ९.५ हा आकडा. या विषयातले निम्मे वाद या आठाभोवती फिरतात.

प्रश्न : मग ते आठ वजा कसे करतात? (वरील उत्तराची प्रत संपादनाच्या वेळी वाचणारे सहकारी)

उत्तर : पूर्णपणे वजा करता येत नाहीत, कमी करता येतात. पहिला उपाय म्हणजे टकरींचे वर्ग शक्य तितके बारीक पाडणे. ०–५ टक्के असा रुंद वर्ग सरसकट न घेता, त्याच्या आत संदर्भ-कणसंख्येच्या प्रत्येक आकड्यासाठी वेगळे गणित करून मग टकरींच्या संख्येनुसार भारित सरासरी घेतात. दुसरा उपाय म्हणजे मुळातच अशा राशी निवडणे, की ज्यांच्यातून स्रोतांची संख्या आणि तिचे चढउतार दोन्ही गळून पडतात. गाझ्डझिकी आणि म्रुव्हचिन्स्की यांची १९९२ मधली फाय राशी ही त्यातली आद्य आहे. २०११ मध्ये गोरेन्स्टाइन आणि गाझ्डझिकी यांनी अशा राशींचे दोन प्रकार पद्धतशीरपणे मांडले. सर्नच्याच एनए६१ प्रयोगाने त्या बऱ्याच वापरल्या आहेत. पण 'स्रोत एकसारखे व स्वतंत्र' ही अट मोडली की त्यांचाही भरवसा कमी होतो.

यात एक सापळा आहे. ज्या कणांचे चढउतार मोजायचे, त्याच कणांवरून टकरीचा वर्ग ठरवला तर चढउतार आपोआप दबतात, कारण जास्त कण असलेल्या टकरी आपणच वेगळ्या काढलेल्या असतात. म्हणून अमेरिकेतल्या ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेच्या स्टार प्रयोगात प्रोटॉनांचे चढउतार मोजताना वर्ग ठरवण्यासाठी प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन सोडून बाकीचे विद्युतभारित कण वापरतात. कमी ऊर्जेला हे बाकीचे कणच थोडे असतात, त्यामुळे वर्गवारी धूसर होते आणि नेमके तेथेच सर्वांत जास्त कुतूहल असते.

प्रश्न : आमच्या सांख्यिकीय यामिकीच्या पाठ्यपुस्तकात म्हटले आहे, की प्रणाली मोठी असेल तर मायक्रोकॅनॉनिकल, कॅनॉनिकल आणि ग्रँड कॅनॉनिकल या तिन्ही पद्धती समतुल्य होतात. मग जड आयनांच्या संदर्भात कोणती पद्धत वापरायची यावर एवढी चर्चा का होते? (एम.एस्सी.ची विद्यार्थिनी)

उत्तर : या पद्धतींत फरक असतो तो ऊर्जा, विद्युतभार यांसारख्या राशी नेमक्या ठरलेल्या धरायच्या की केवळ सरासरीने, एवढाच. पाठ्यपुस्तकातले विधान सरासरींपुरते खरे आहे. चढउतारांना ते लागू होत नाही, आणि हे बेगुन, गाझ्डझिकी, गोरेन्स्टाइन व झोझुल्या यांनी २००४ मध्ये अगदी साध्या उदाहरणावरून दाखवले.

एकूण विद्युतभार शून्य असलेला एक आदर्श वायू घ्या, ज्यात फक्त धन आणि ऋण पायॉन (टकरीत सर्वांत जास्त निर्माण होणारे हलके कण) आहेत. ग्रँड कॅनॉनिकल पद्धतीत विद्युतभार केवळ सरासरीने शून्य असतो. त्यामुळे धन पायॉनांची संख्या स्वतंत्रपणे पॉयसन वितरण पाळते आणि प्रमाणित प्रचरण १ येते. कॅनॉनिकल पद्धतीत विद्युतभार प्रत्येक वेळी नेमका शून्य हवा, म्हणजे एन धन पायॉन असतील तर ऋण पायॉनही एनच असले पाहिजेत. धनांसाठी एक पॉयसन गुणक आणि ऋणांसाठी तोच गुणक, म्हणजे एकूण संभाव्यता ही पॉयसन संभाव्यतेच्या वर्गाच्या प्रमाणात झाली. मोठ्या प्रणालीत पॉयसन वितरण घंटाकृती होते, आणि घंटाकृती वक्राचा वर्ग केला की मध्य तोच राहतो, पण प्रचरण निम्मे होते. म्हणून प्रमाणित प्रचरण १ न राहता ०.५ होते. प्रणाली कितीही मोठी केली तरी हा निम्म्याचा फरक जात नाही. हे गणित कागदावर एकदा करून पाहावे, पाच ओळींत होते.

आता प्रश्न असा, की प्रयोगातली परिस्थिती कोणत्या पद्धतीसारखी आहे. संपूर्ण टकरीत निव्वळ बेरिऑन संख्या (प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांची संख्या वजा त्यांच्या प्रतिकणांची), विद्युतभार आणि स्ट्रेंजनेस (स्ट्रेंज क्वार्कांचा हिशेब) नेमके अक्षय्य राहतात. पण डिटेक्टर प्रणालीचा एक भागच पाहतो, आणि उरलेला भाग कणांच्या साठ्यासारखे काम करतो. आपण पाहिलेला भाग एकूणाच्या अगदी थोडा असेल तर ग्रँड कॅनॉनिकल पद्धत चालते. भाग मोठा असेल तर अक्षय्यतेचा नियम चढउतार दाबू लागतो. हा भाग २० टक्के असेल, तर निव्वळ बेरिऑन संख्येचे प्रचरण ग्रँड कॅनॉनिकल किमतीच्या ८० टक्के होते. क्युम्युलंट म्हणजे वितरणाचा आकार सांगणाऱ्या संख्या : पहिली मध्य, दुसरी प्रचरण, आणि पुढच्या घंटाकृतीपासून वितरण किती ढळले ते सांगणाऱ्या. चौथ्या आणि दुसऱ्या क्युम्युलंटचे गुणोत्तर, जे आदर्श वायूत १ असते, ते बेरिऑन आणि प्रतिबेरिऑन सारख्याच प्रमाणात असताना १ वजा ३ गुणिले ०.२ गुणिले ०.८, म्हणजे ०.५२ वर येते. कोणतीही नवी अवस्था नाही, कोणताही क्रांतिक बिंदू (दोन अवस्थांमधली सीमारेषा जेथे संपते तो) नाही, आणि तरी आकडा निम्म्यावर! उलट भाग फार लहान घेतला तर सगळेच पॉयसनकडे झुकते आणि खरे भौतिकशास्त्रही त्याच्याबरोबर धुऊन निघते. मधला प्रदेश निवडणे हे कौशल्याचे काम आहे.

प्रश्न : टक्कर क्षणार्धात संपते. एवढ्या वेळात 'तापमान' हा शब्द तरी वापरता येतो का?

उत्तर : टकरीपासून कण मोकळे होईपर्यंतचा काळ साधारण १० फेम्टोमीटर अंतर प्रकाशाने कापण्याइतका, म्हणजे सुमारे ३ × १०⁻²³ सेकंद असतो. तरीही एन्रिको फर्मी यांनी १९५० मध्ये सुचवलेली आणि १९६५ मध्ये हागेडॉर्न यांनी वेगळ्या वाटेने पुढे नेलेली सांख्यिकीय कल्पना आश्चर्यकारक रीतीने चालते. पायॉनापासून हलक्या केंद्रकांपर्यंतच्या कणांच्या सरासरी संख्या, ज्यांत कित्येक पटींचे अंतर आहे, एलएचसीच्या ऊर्जेला एकाच तापमानाने वर्णन करता येतात. ते तापमान सुमारे १५६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे १.८ लाख कोटी केल्विन आहे. लॅटिस पद्धतीच्या (अवकाश-काळाची जाळी कल्पून संगणकावर केलेल्या) गणनांतून हॅड्रॉन (क्वार्कांचे बनलेले प्रोटॉन, पायॉन यांसारखे कण) आणि क्वार्क-ग्लुऑन अवस्थांमधल्या संक्रमणाचे जे तापमान येते तेही १५६.५ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, दीड मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या अनिश्चिततेसह. हा मेळ खरा समतोल दाखवतो की संभाव्य अवस्थांची केवळ सांख्यिकीय भरणी, यावर मतभेद आहेत. चढउतार मोजण्यामागे हेही एक कारण आहे, कारण सरासरी जुळली तरी समतोल खोटा असेल तर उच्च क्युम्युलंट जुळण्याचे कारण नाही.

प्रश्न : क्रांतिक बिंदू सापडल्याच्या बातम्या मधूनमधून येतात आणि मग विरून जातात. वस्तुस्थिती काय आहे? चौथ्या क्युम्युलंटचेच एवढे महत्त्व का? (महाविद्यालयीन प्राध्यापक)

उत्तर : क्रांतिक बिंदूजवळ दूरदूरचे भाग एकमेकांच्या तालावर वागू लागतात. हा ताल किती अंतरापर्यंत टिकतो त्या अंतराला सहसंबंध-लांबी म्हणतात. पाण्याच्या क्रांतिक बिंदूजवळ ती इतकी वाढते, की पारदर्शक द्रव दुधाळ दिसू लागतो. टकरीतला गोळा मात्र लहान आणि अल्पायुषी असतो, त्यामुळे सहसंबंध-लांबी फार तर दोन-तीन फेम्टोमीटरपर्यंतच वाढू शकेल असा अंदाज आहे. एवढ्या माफक वाढीचा परिणाम दिसणार कसा? मिखाईल स्टेफानोव्ह यांनी २००९ मध्ये दाखवले, की दुसरा क्युम्युलंट सहसंबंध-लांबीच्या सुमारे दुसऱ्या घाताने वाढतो, तिसरा साडेचाराव्या घाताने आणि चौथा सातव्या घाताने. लांबी दुप्पट झाली तर दुसरा चौपट, तिसरा सुमारे २३ पट आणि चौथा १२८ पट. चौथ्याचे महत्त्व यातून आले. २०११ मध्ये त्यांनीच दाखवले, की क्रांतिक बिंदूजवळून जाताना चौथ्याचे चिन्ह बदलू शकते. म्हणून ऊर्जा कमी करत गेल्यावर आलेख आधी खाली उतरेल आणि मग उसळी घेईल, अशी अपेक्षा निर्माण झाली.

तुलनेसाठी आधाररेषा हवी. प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन दोन्ही स्वतंत्र पॉयसन असतील, तर त्यांच्या वजाबाकीला स्केलम वितरण मिळते. त्याचे सम क्रमांकाचे क्युम्युलंट दोन्ही मध्यांच्या बेरजेइतके आणि विषम क्रमांकाचे वजाबाकीइतके असतात, म्हणून चौथ्याचे दुसऱ्याशी गुणोत्तर बरोबर १. सैद्धांतिक बाजूने २०११ मध्ये सौरेंदु गुप्ता, बेदंगदास मोहंती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅटिस गणनेतील क्युम्युलंट-गुणोत्तरे प्रयोगातल्या गुणोत्तरांशी थेट पडताळून पाहिली आणि त्यातून संक्रमणाच्या तापमानाचे माप ठरवले. तेव्हापासून या दोन क्षेत्रांतली बोलणी सोपी झाली.

स्टार गटाने २०२१ मध्ये सोने-सोने टकरींची ७.७ ते २०० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टमधली मापने प्रसिद्ध केली. निव्वळ प्रोटॉनांसाठीचे (प्रोटॉन वजा प्रतिप्रोटॉन) हे गुणोत्तर ऊर्जेनुसार एका दिशेने न बदलता खाली-वर होते, असे ३.१ सिग्मा (अनिश्चिततेच्या मापाच्या ३.१ पट) विश्वासाने त्यात म्हटले होते. २०१९ ते २०२१ मधल्या दुसऱ्या ऊर्जा-पाहणीत टकरींची संख्या कित्येक पटींनी वाढवली गेली. त्यातून २० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास गुणोत्तर क्रांतिक बिंदू नसलेल्या प्रारूपांच्या खाली जाते असे दिसले. आणि हा फरक किती सिग्मांचा, तर कोणती आधाररेषा धरली त्यानुसार साधारण २ ते ५. ही शेवटची अट बातम्यांत सहसा गळते. २ सिग्मांचा फरक कोणी फारसा मनावर घेत नाही आणि ५ सिग्मांना शोध म्हणतात. म्हणजे मापन एकच असून निर्णय आधाररेषेवर टांगलेला आहे. ३ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या स्थिर लक्ष्याच्या मापनात गुणोत्तर ऋण आले, तेव्हा काहींच्या भुवया उंचावल्या. पण बेरिऑन अक्षय्यता पाळणाऱ्या साध्या वाहतूक प्रारूपातही (कणांची हालचाल आणि टकरी टप्प्याटप्प्याने मोजणाऱ्या गणितातही) ते तसेच येते.

माझे मत विचारल्यास, २० गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टजवळची घट खरी आहे, पण तिचा अर्थ अजून खुला आहे. स्केलमशी तुलना करून निष्कर्ष काढणारे लेखन मी बाजूला ठेवतो. अक्षय्यता, स्रोतसंख्येचे चढउतार आणि बेरिऑनांमधले प्रतिकर्षण या तिन्ही गोष्टी धरलेली आधाररेषा नसेल, तर एक आणि मोजलेले गुणोत्तर यांतल्या फरकाला नाव देण्याची घाई करू नये.

अनिश्चिततेचा आकडाही पाहावा. वितरण घंटाकृतीच्या जवळ असेल, तर या गुणोत्तरातली सांख्यिकीय चूक सुमारे २४ भागिले टकरींची संख्या याचे वर्गमूळ काढून त्याला प्रचरणाने गुणल्यावर येते तेवढी असते. प्रचरण ३० आणि टकरी १० लाख असतील तर ती ०.१५ येते. जो परिणाम शोधायचा तो काही दशांशांचाच आहे. ही चूक दहापट कमी करायची तर टकरी शंभरपट, म्हणजे १० कोटी हव्यात. आणि या सगळ्या समोरासमोरच्या वर्गातल्या हव्यात.

प्रश्न : डिटेक्टर प्रत्येक कण पकडू शकत नाही आणि न्यूट्रॉन तर अशा मापनांत दिसतच नाहीत. मग 'बेरिऑन संख्येचे चढउतार' मोजले असे म्हणणे कितपत रास्त आहे?

उत्तर : पहिला भाग सोपा आहे. प्रत्येक कण पकडला जाण्याची संभाव्यता ०.७ असेल आणि कण एकमेकांपासून स्वतंत्रपणे निसटत असतील, तर डिटेक्टर द्विपद वितरणाचा गाळणीसारखा वापर करतो. अशा गाळणीत क्युम्युलंट गुंतागुंतीने बदलतात, पण फॅक्टोरियल मोमेंट, म्हणजे एन गुणिले एन-वजा-१ अशा गुणाकारांच्या सरासरी, सरळ वागतात : दुसरा ०.७ च्या वर्गाने आणि चौथा चौथ्या घाताने कमी होतो. त्यामुळे मोजलेल्या किमतींना अनुक्रमे ०.४९ आणि ०.२४ ने भागून मूळ किंमत मिळवतात. पण ०.२४ ने भागणे म्हणजे त्या संज्ञेतली चूकही चौपटीहून जास्त वाढवणे. शिवाय गर्दीच्या टकरीत दोन मार्ग एकमेकांत मिसळले की 'स्वतंत्रपणे निसटणे' ही अट मोडते, आणि मग डिटेक्टरचे सविस्तर सिम्युलेशन करून प्रतिसादाचा तक्ता उलटा सोडवावा लागतो.

दुसऱ्या भागाबाबत प्रामाणिक उत्तर असे, की मोजतात ते प्रोटॉन, आणि शीर्षकातही बहुतेक गट 'निव्वळ प्रोटॉन' असेच लिहितात. मासाकियो किताझावा आणि मासायुकी असाकावा यांनी २०१२ मध्ये दाखवले, की टकरीच्या शेवटच्या टप्प्यात पायॉनांशी होणाऱ्या आदानप्रदानामुळे न्यूक्लिऑन प्रोटॉन असेल की न्यूट्रॉन हे जवळजवळ नाणेफेकीने ठरते. पुरेसे पायॉन असतील तर ही नाणेफेक द्विपद मानून प्रोटॉनांवरून बेरिऑनांकडे जाता येते. कमी ऊर्जेला पायॉन कमी पडतात आणि हा आधार कच्चा होतो.

प्रश्न : घरच्या संगणकावर यातले काही करून पाहता येईल का? (बारावीनंतर भौतिकशास्त्राकडे वळलेला विद्यार्थी)

उत्तर : नक्कीच. पहिल्या उत्तरात सांगितलेले ग्लॉबर गणित पायथनमध्ये शंभरेक ओळींत लिहिता येते. स्वतः लिहिल्यावर ते फोबोस गटाने खुल्या केलेल्या टी-ग्लॉबर-एमसी या संगणकप्रणालीशी ताडून पाहावे. सहभागींची सरासरी एक-दोन टक्क्यांत जुळली पाहिजे. त्यानंतर प्रत्येक सहभागीला ऋण द्विपद वितरण देऊन कणसंख्येचा आलेख काढावा आणि त्याचा वरचा ५ टक्के भाग कापून प्रमाणित प्रचरण मोजावे. मग तोच भाग १ टक्क्याने कापून पुन्हा मोजावे. दोन उत्तरांतला फरक दिसला, की दुसऱ्या उत्तरातले ते आठ कोठून येतात ते समजेल. हॅड्रॉन वायूच्या सांख्यिकीय प्रारूपासाठी थर्मल-फिस्ट ही प्रणाली मोफत उपलब्ध आहे, तिच्यात कॅनॉनिकल आणि ग्रँड कॅनॉनिकल दोन्ही पर्याय आहेत. प्रयोगांचे मोजलेले आकडे हेपडेटा या संग्रहात तक्त्यांच्या रूपात मिळतात. ते उतरवून घेताना सांख्यिकीय आणि पद्धतीजन्य अशा दोन्ही चुकांचे स्तंभ घ्यावेत, कारण चौथ्या क्युम्युलंटच्या बाबतीत दुसरा स्तंभ पहिल्यापेक्षा मोठा असण्याची शक्यता बरीच असते.